वाचकांचे प्रश्न : सिम्युलेटरवरचा सराव किती, कधी आणि कोणत्या क्रमाने?

ट्रक चालवणे, वेल्डिंग, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारे) मशिन यांचे धडे आता सिम्युलेटरवरही दिले जातात. कोणते यंत्र घ्यावे, असे विचारणारी पत्रे यावेळी कमी आली. घेतलेल्या यंत्रावर मुले पटकन शिकतात पण शिकलेले टिकत नाही, ही तक्रार मात्र वेगवेगळ्या क्षेत्रांतून आली. त्यातली सात पत्रे निवडली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : पेठ रोडला आमचे मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. जड वाहनाचे सिम्युलेटर बसवले आहे. सुरगाणा, कळवणकडून मुले येतात. त्यांना नाशिकमध्ये राहणे परवडत नाही, म्हणून सिम्युलेटरचे आठ तास आम्ही दोन दिवसांत, रोज चार तास बसवून उरकतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर ८५-९० गुण दिसतात. आठ-दहा दिवसांनी तोच मुलगा खऱ्या ट्रकवर बसला की घाटाच्या उतारावर गिअर न उतरवता नुसता ब्रेक दाबत राहतो. दोष यंत्राचा समजायचा की मुलाचा?
— स्कूलचालक, पेठ रोड

उत्तर : दोघांचाही नाही. दोष वेळापत्रकाचा आहे, आणि तो दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिसलेले ८८ गुण त्या संध्याकाळपुरतेच असतात. एकच उतार सलग सातव्यांदा उतरताना मुलाला काही आठवावेच लागत नाही. कुठे गिअर उतरवायचा, हे त्याने दहा मिनिटांपूर्वी केलेलेच असते आणि हात तेच पुढे चालू ठेवतो. आठ दिवसांनी ट्रकमध्ये मात्र ते डोक्यातून शोधून काढावे लागते, आणि नेमका शोधून काढण्याचाच सराव त्याला एकदाही मिळालेला नसतो. थोडे विसरायचे आणि जोर लावून पुन्हा आठवायचे, यातून कौशल्य पक्के होते. चार तास सलग बसवले की विसरायलाही होत नाही आणि आठवावेही लागत नाही.

यावरचा एक जुना अभ्यास तुमच्या प्रश्नाला अगदी लागू पडतो. ब्रिटनच्या टपाल खात्याला पोस्टमनना टायपिंग शिकवायचे होते. अ‍ॅलन बॅडले आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले : रोज एक तास, रोज एक-एक तासाच्या दोन बैठका, रोज सलग दोन तास, आणि रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका. निष्कर्ष १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. कळफलक शिकायला रोज एक तास बसणाऱ्यांना एकूण सुमारे ३५ तास लागले, रोज चार तास बसणाऱ्यांना सुमारे ५०. काम तेच, पण पंधरा तास जास्त. याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. एक तासवाल्यांना तेवढ्यासाठी पस्तीस दिवस यावे लागले, चार तासवाल्यांचे बारा-तेरा दिवसांत झाले. आणि सगळ्यांत नाराज कोण होते? रोज एक तासवालेच. आपण मागे पडतो आहोत असे त्यांना वाटत होते. तुम्ही वेळापत्रक बदलाल तेव्हा हीच कुरकुर तुमच्याही कानावर येईल. तिच्यामुळे माघार घेऊ नका.

आता तुमचे आठ तास. त्यांच्या चाळीस-चाळीस मिनिटांच्या बारा बैठका करा. आठवड्यातून तीन दिवस, दिवसाला दोन बैठका, दोन आठवडे. दिवसाच्या दोन बैठकांमध्ये किमान तीन तासांचे अंतर ठेवा आणि त्या वेळेत वर्ग, इंजिनची माहिती, यार्डात रिव्हर्स ही कामे घ्या. बाहेरगावच्या मुलांना ट्रकच्या धड्यांसाठी यावेच लागते. सिम्युलेटर आधी उरकून मग ट्रक, असे न करता त्याच फेरीत ट्रकच्या आधी चाळीस मिनिटे आणि नंतर चाळीस मिनिटे जोडली, की येण्याजाण्याचा खर्च वाढत नाही. एखाद्याला खरोखरच दोनच दिवस मिळणार असतील, तर निदान दोन दिवसांच्या मधे एक आठवडा जाऊ द्या. सलग दोन दिवसांपेक्षा तेही चांगले. मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांसाठी १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम २९ तासांचा आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांचा ठरवला आहे. त्या चार आठवड्यांत तास कसे पसरायचे ते शिकवणाऱ्याच्या हातात आहे.

चाळीस मिनिटांत घाट एकदम तीनदा घेऊ नका. रिकाम्या ट्रकने एक उतार, मग द्वारका चौकासारखी गर्दी, मग भरलेल्या ट्रकने उतार, मग रिव्हर्स, मग पावसातला उतार. दर वेळी मुलाला गिअर नव्याने ठरवावा लागला पाहिजे. ट्रक भरलेला की रिकामा हे त्याला सांगू नका. गाडी उचलते कशी, यावरून त्यालाच ओळखू द्या.

उतारावर तुम्ही काय बघायचे, तेही नेमके सांगतो. सगळा निर्णय उतार सुरू होण्याआधी व्हायला हवा. माथ्यावरच वेग कमी करून, इंजिन गाडीला धरून ठेवील असा खालचा गिअर टाकायचा आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक) लावायचा. नंतर, वेग वाढल्यावर गिअर उतरवायला गेले तर तो पडत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि इंजिनाचा आधार पूर्ण जातो. ब्रेक सतत चेपून ठेवायचा नसतो. ठरवलेल्या वेगापर्यंत गाडी आली की ठामपणे दाबून वेग सात-आठ किलोमीटरने खाली आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. सतत दाबला तर ड्रम तापतो, फुगतो, लायनिंगची पकड सुटते आणि पाय तळाला जाऊनही गाडी थांबत नाही. उलट, भराभर पंपिंग केले तर एअर प्रेशर खाली येते. कसाऱ्याला डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारे चालक मुलांनी पाहिलेले असतात. ती सवय पहिल्याच बैठकीत मोडा.

एक गोष्ट यंत्राचीही तपासा. भरलेल्या ट्रकने पूर्ण उतारभर ब्रेक दाबून ठेवा आणि तळाशी थांबायला किती अंतर लागते ते बघा. सपाटीवर लागते तेवढेच लागले, तर तुमच्या सिम्युलेटरमध्ये ब्रेक तापण्याचा हिशेबच नाही. मग चूक करूनही मुलाला पूर्ण गुण मिळतात आणि चुकीचीच सवय अंगवळणी पडते. अशा यंत्रावर उताराचे गुण पडद्यावरून घेऊ नका, शेजारी उभे राहून स्वतः द्या.

आणि नोंदवहीत दिवसाच्या शेवटच्या फेरीचे गुण लिहिण्याऐवजी पहिल्या फेरीचे लिहा. तीन दिवसांनी आलेला मुलगा काहीही आठवण न देता पहिल्या फेरीत जे करतो, तेवढेच तो शिकला आहे. बाकीचे त्या दिवसापुरते असते.

प्रश्न : मी वेल्डर ट्रेडचा निदेशक आहे. सिम्युलेटरवर मुलांकडून आधी सपाट फिलेटचे (काटकोनातल्या जोडाचे) दहा रन, मग आडव्याचे दहा, मग उभ्याचे दहा असे करून घेतो. एका प्रशिक्षणात ‘क्रम मिसळा’ असे सांगितले, म्हणून आठवडाभर मिसळून पाहिले. सगळ्यांचे गुण घसरले, मुले वैतागली, म्हणून पुन्हा जुन्या पद्धतीवर आलो. बरोबर केले का?
— निदेशक, सातपूर

उत्तर : सर, घाई झाली. गुण घसरणे हे मिसळलेल्या सरावाचे नेहमीचे लक्षण आहे. तेवढ्यावरून पद्धत फसली असे म्हणता येत नाही.

१९७९ मध्ये शी आणि मॉर्गन यांनी हाताने अडथळे ठराविक क्रमाने पाडण्याच्या तीन हालचाली शिकवल्या, प्रत्येकी १८ वेळा, एकूण ५४. एका गटाने एकेक हालचाल सलग केली, दुसऱ्याने तिन्ही मिसळून. सराव चालू असताना सलगवाले सरळसरळ पुढे होते. दहा मिनिटांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी चाचणी घेतली तेव्हा मिसळून केलेले पुढे निघाले. ही प्रयोगशाळेतली गोष्ट झाली. मैदानावरची १९९४ ची आहे : अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, ४५ जादा चेंडू टाकले, तीन प्रकारचे पंधरा-पंधरा. एका गटाला एकेक प्रकार सलग, दुसऱ्याला कोणता येणार ते न कळता. शेवटी, सामन्यासारख्या मिसळलेल्या चाचणीत सलगवाले २५ टक्क्यांनी सुधारले होते, मिसळलेले ५७ टक्क्यांनी. चेंडू दोघांनाही तेवढेच मिळाले होते.

वेल्डिंगमध्ये हे का घडते ते बघा. सपाट, आडवे आणि उभे यांत रॉडचा कोन बदलतो, वितळलेला धातू ओघळण्याची दिशा बदलते, करंट बदलतो. उभ्या पोझिशनला खालून वर जाताना सपाटपेक्षा सुमारे दहा ते पंधरा टक्के कमी करंट ठेवून दोन्ही कडांवर क्षणभर थांबावे लागते, नाहीतर मधे पोट येते आणि कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडतो. सलग दहा रनमध्ये हे सगळे पहिल्या रनला एकदाच ठरते. पुढचे नऊ रन म्हणजे घोकंपट्टी. अंबडच्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये मात्र एकाच फ्रेमवर आडव्याला लागून उभा जॉइंट येतो, आणि वेल्डरला प्रत्येक वेळी ‘आता काय बदलायचे’ हे ठरवावे लागते. मिसळलेला सराव त्या ठरवण्याचा सराव देतो.

पण पहिल्या दिवसापासून मिसळू नका. ज्याचा रॉड अजून प्लेटला चिकटतो आहे, त्याला मिसळण्यासारखे काही आलेलेच नसते. आधी आर्क पेटवणे आणि आर्कची लांबी राखणे, एवढेच सलग करून घ्या. ३.१५ मिमीच्या रॉडला आर्क साधारण रॉडच्या जाडीएवढी, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास लागते. रॉड ३५० मिमीचा असतो आणि शेवटी बोटभर तुकडा उरेपर्यंत जळत जातो. म्हणजे हात पुढे सरकत असतानाच होल्डर सारखा खाली येत राहायला हवा. नवशिक्या हात पुढे नेतो, पण खाली आणायला विसरतो. आर्क लांबते, ठिणग्या उडतात, बीड (वेल्डची रेघ) पसरट होते. सिम्युलेटरवर हे फार छान दिसते, कारण रॉड खरोखर झिजल्यासारखा आखूड होत जातो. पाचपैकी चार वेळा पहिल्याच फटक्यात आर्क पेटते आणि पूर्ण रॉडभर टिकते, असे झाले की मिसळायला सुरुवात करा.

मिसळायचे असे : नऊ चिठ्ठ्या डब्यात टाका, तीन सपाट, तीन आडव्या, तीन उभ्या. एका चिठ्ठीला दोन रॉड, म्हणजे पहिल्या रॉडवरची चूक दुसऱ्यावर सुधारता येते. पाठोपाठ तीच चिठ्ठी आली तर परत टाकायची. कोन आणि करंट मुलाने स्वतः लावायचा. पोझिशन, जॉइंटचा प्रकार आणि रॉडचा प्रकार हे तिन्ही एकाच वेळी मिसळले, तर मात्र मूल गोंधळते आणि मिसळण्याचा फायदा मिळत नाही. आधी फक्त पोझिशन. दोन-तीन आठवड्यांनी टी-जॉइंट आणि लॅप जॉइंट.

निकाल शुक्रवारच्या सरासरीवर लावू नका. सोमवारी सकाळी प्रत्येकाला एक चिठ्ठी काढायला लावा आणि पहिल्या रॉडचे गुण घ्या. तीन सोमवार हे आकडे चढले नाहीत तर मिसळण्याचा वेग कमी करा. पद्धत सोडू नका.

प्रश्न : सर, आमच्या वेल्डिंग सिम्युलेटरच्या हेल्मेटमध्ये कोन आणि वेग दाखवणारे हिरवे-लाल बाण येतात. ते चालू असले की मला ९० च्या वर गुण पडतात, बंद केले की ६०. परीक्षेपर्यंत बाण चालू ठेवूनच प्रॅक्टिस करू का?
— आयटीआय विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : नको. ते ९० गुण बाणांचे आहेत, तुमचे ६०. बाण चालू असताना डोळे बाणावर असतात आणि वितळलेल्या धातूकडे बघायचे राहून जाते. कार्यशाळेत तर बाण नसणार, धातूच असणार.

विनस्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये दाखवले, की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितलेल्यांपेक्षा निम्म्याच प्रयत्नांनंतर, सुरुवातीला वरचेवर आणि पुढे विरळ निकाल सांगितलेल्यांना दुसऱ्या दिवशी जास्त चांगले जमते. तुम्हीही तसेच करा. पहिला आठवडा बाण चालू. दुसऱ्यात एक रॉड बाणांसह, एक बाणांशिवाय. तिसऱ्यात बाण बंद, फक्त रॉड संपल्यावर आकडे बघायचे. पण बघण्याआधी वहीत स्वतःचा अंदाज लिहायचा : कोन बरोबर की जास्त, वेग कमी की जास्त, आर्क लांब की आखूड. मग बटण दाबायचे. हा अंदाज जुळायला लागला, की बाणांची गरज संपली.

बाणांऐवजी काय बघायचे? वितळलेल्या डबक्याची मागची कड. तिची रुंदी सारखी राहिली तर वेग बरोबर. आणि कान उघडे ठेवा. आर्क नीट असली की तव्यावर काही तळत असल्यासारखा एकसारखा तडतड आवाज येतो, लांबली की तो तुटक आणि पोकळ होतो.

प्रश्न : मी शल्यचिकित्सेची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. ड्युटीमुळे रोज वेळ मिळत नाही, म्हणून रविवारी चार-पाच तास बसून लॅपरोस्कोपीच्या (दुर्बिणीतून शस्त्रक्रियेच्या) बॉक्स ट्रेनरवर, म्हणजे सरावाच्या पेटीवर, सराव करते. रविवारी संध्याकाळी हात छान चालतो, पुढच्या रविवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काय बदलू?
— निवासी डॉक्टर, नाशिक

उत्तर : तुमच्याच क्षेत्रातला पुरावा आहे. टोरोंटोमध्ये ३८ निवासी डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र चार सत्रांत शिकवले. निम्म्यांची चारही सत्रे एका दिवसात, निम्म्यांची आठवड्याला एक. शिक्षण तेच, तास तेवढेच. महिन्याभराने भूल दिलेल्या उंदरावर परीक्षा घेतली, तेव्हा आठवड्याला एक सत्र घेतलेले डॉक्टर सरस ठरले. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

म्हणून रविवारचे पाच तास मोडा. ड्युटीच्या खोलीजवळ बॉक्स ट्रेनर ठेवता आला तर सगळ्यांत उत्तम, कारण लागतात ती पंधरा-वीस मिनिटेच. आठवड्यातून चार-पाच वेळा वीस मिनिटे आणि रविवारी फार तर एक तास. दोन बैठकांच्या मधे एक झोप असू द्या. शिकलेली हालचाल झोपेत पक्की होते. सलग रात्रपाळीनंतर मात्र ट्रेनरवर बसू नका, थकलेल्या हाताला वाईट सवयी लागतात.

वीस मिनिटांत एकच काम घोळवत बसू नका. पेग ट्रान्सफरची एक फेरी, जाळी कापण्याची एक, आतून गाठ मारण्याची एक, आणि पुन्हा पहिल्यापासून. पेग ट्रान्सफरमध्ये सहा तुकडे एका हाताच्या ग्रास्परने (लांब चिमट्याने) उचलून हवेतच दुसऱ्या हातात देऊन पलीकडे ठेवायचे आणि परत आणायचे. त्याला प्रावीण्याची वेळ ४८ सेकंद धरतात, शरीराच्या आत मारायच्या गाठीला ११२ सेकंद. एकदा ४८ सेकंदांत झाले म्हणजे झाले असे नाही. प्रचलित प्रशिक्षणात लागोपाठ दोनदा आणि शिवाय आणखी दहा वेळा तेवढ्या वेळेत करावे लागते. ती दहा वेळा वेगवेगळ्या दिवशी मोजा. सुरुवातीला वेळेपेक्षा पडलेल्या तुकड्यांवर लक्ष द्या. नजरेबाहेर पडलेला तुकडा म्हणजे ती फेरी बाद.

प्रश्न : सीएनसी सिम्युलेटरवर टर्निंगचे प्रोग्राम शिकतो आहे. एक प्रोग्राम बिनचूक होईपर्यंत दुसरा घेऊ नये असे सांगतात. खरे आहे का?
— विद्यार्थी, अंबड

उत्तर : पहिल्या दोन-तीन प्रोग्रामपुरते खरे. पुढे नाही. जी०२ (घड्याळाच्या दिशेने कंस) आणि जी०३ (उलट दिशेने कंस) या आज्ञांत गोंधळ होतो, तो दोन्ही पाठोपाठ येतात तेव्हाच सुटतो. दिवसभर फक्त जी०२ चे कंस काढले तर कधी कोणता घ्यायचा हा प्रश्नच पडत नाही. जुन्या पाच जॉबची ड्रॉइंग जवळ ठेवा आणि दर बैठकीला एक नवे व दोन जुने, कोऱ्या पानावरून लिहा. जुना प्रोग्राम उघडून फक्त बदल केले तर त्याला सराव म्हणता येत नाही. ऑफसेट, म्हणजे टूलच्या टोकाची जागा मशिनला सांगणारा आकडा, दर वेळी पुसून नव्याने टाका. सिम्युलेटरमध्ये तो आधीच भरलेला असतो आणि म्हणूनच खऱ्या मशिनवर वजा चिन्ह राहून जाते व टूल चकवर आपटते.

प्रश्न : ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर दहा मिनिटांत मळमळते. खऱ्या गाडीत कधीच होत नाही. सराव सोडून द्यावा का?
— वाचक, नाशिक रोड

उत्तर : सोडू नका, तुकडे करा. डोळ्यांना गाडी वळताना दिसते, पण कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला काहीच हालचाल जाणवत नाही. त्या विसंगतीमुळे हे होते. ‘सवय होईल’ म्हणून दामटून बसलात तर उलट मळमळ आणि सिम्युलेटर यांची जोडी मनात पक्की होते. पहिल्या चार बैठका सात-आठ मिनिटांच्याच, एक-दोन दिवसांच्या अंतराने घ्या. सुरुवातीला सरळ रस्ता, मग मोठी वळणे. चौकातली काटकोनी वळणे आणि रिव्हर्स शेवटी. तोंडावर पंखा असू द्या, पोट फार भरलेले किंवा अगदी रिकामे नको. कपाळावर घाम किंवा तोंडाला पाणी सुटले की लगेच थांबा, ओकारीची वाट बघू नका. बहुतेकांना काही बैठकांत सवय होते. त्रास झालेल्या दिवशी उठल्याउठल्या दुचाकी चालवत घरी जाऊ नका, निदान अर्धा तास बसा.

प्रश्न : आमच्या कारखान्यात क्रेन ऑपरेटर आणि आपत्कालीन पथकाला वर्षातून एकदा, मार्चमध्ये दोन दिवस सिम्युलेटर आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण देतो. क्रेन वर्षभर चांगली चालते, पण आपत्कालीन क्रम कोणालाच आठवत नाही. दोन दिवसांचे तीन करावेत का?
— सुरक्षा अधिकारी, अंबड औद्योगिक वसाहत

उत्तर : तिसरा दिवस वाढवून फारसे हाती लागणार नाही. तुमच्याकडे दोन वेगळ्या जातीची कौशल्ये आहेत. हुकाला लटकलेला भार न झुलवता नेणे हे अखंड चालणारे काम आहे. अशी कौशल्ये फार हळू विसरली जातात. फ्लाइशमन आणि पार्कर यांनी १९६२ मध्ये कांडी हलवून लक्ष्याचा माग ठेवण्याचे कौशल्य तपासले, तर दोन वर्षांच्या खंडानंतरही ते जवळजवळ शाबूत होते. शिवाय क्रेन तर तुमची माणसे रोजच चालवतात. आपत्कालीन क्रम म्हणजे मात्र सुट्या पायऱ्यांची साखळी : आधी काय बंद करायचे, कोणाला कळवायचे, नंतर काय. एक पायरी दुसरीची आठवण करून देत नाही, आणि वर्षभर तिची गरजही पडत नाही. हे सगळ्यांत आधी पुसले जाते. छातीवर दाब देण्याचे सीपीआरचे कौशल्यही तीन ते सहा महिन्यांत घसरलेले दिसते. म्हणजे मार्चमध्ये शिकलेले दिवाळीपर्यंत टिकेल असे धरून चालणे धोक्याचे आहे.

त्याच सोळा तासांची वाटणी बदला. मार्चमध्ये एकच दिवस ठेवा. उरलेले आठ तास वर्षभर पसरा : प्रत्येकाला दर महिन्याला सुमारे चाळीस मिनिटे, तीही दोन वेळा वीस-वीस मिनिटे. पाळी बदलताना घेतली तर उत्पादन थांबत नाही. त्यात दहा मिनिटे सिम्युलेटरवर एक बिघाड आणि दहा मिनिटे पुतळ्यावर सीपीआर : दाब मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पुतळ्याला खोली दाखवणारा दिवा असेल तर पहिला मिनिटभर तो झाकून ठेवा.

बिघाड कोणता येणार ते आधी सांगू नका. वीज जाणे, लिमिट स्विच (हूक ठरलेल्या हद्दीवर थांबवणारा स्विच) न चालणे, भार अडकणे, खालच्या माणसाला इजा, यांतला कोणताही. आणि बैठकीची सुरुवात उजळणीने करू नका. हीच चूक सगळीकडे होते : प्रशिक्षक आधी पाच मिनिटे पायऱ्या सांगतो, मग सगळ्यांना सगळे येते. आधी न सांगता करू द्या, कुठे अडले ते लिहा, मग सांगा, मग पुन्हा करून घ्या. भिंतीवरचा तक्ता त्या वेळी उलटा करून ठेवा. मात्र कामाच्या जागी तो सरळच लावलेला असू द्या. खऱ्या प्रसंगी वाचून केले तरी काही बिघडत नाही.

पावसाळ्यात कामाचा ताण आला की पहिली काट या वीस मिनिटांवर बसते. एखादा महिना चुकला तर पुढच्या वेळी चाळीस मिनिटे एकदम घेऊन भरपाई करू नका. नेहमीचीच वीस घ्या आणि वहीत पहिल्या प्रयत्नाच्या रकान्यात किती पायऱ्या सुटल्या तेवढे लिहा. ज्या पायरीपुढे तीन-चार जणांची फुली दिसेल, ती पायरी पुढच्या महिन्याच्या बिघाडात येईल असे बघा.